बारीक दळलेली

स्कुटीच्या डिकीत अंगठ्याचं मशीन,
डब्याच्या खालच्या पुड्यात निराधाराचे पैसे,
वरच्या पुड्यात भाकर, आंब्याचं लोणचं.
सायत्राबाई नोट नाकाशी धरते,
"पैशाले लोणच्याचा वास येते वं, पंचफुला."
येऊ दे.
वास आला म्हणजे पैसे पोचले.

आणि कुर्त्याच्या उजव्या खिशात,
देवमनच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत
भिवापुरी मिरची.
झाकण अर्धा आटाच फिरवलेलं,
एका अंगठ्यानं उघडेल असं.

नऊ वर्षं झाली.
नऊ वर्षांत या रस्त्यावर
एक अजगर भेटला, रोह्यांचे कळप भेटले,
पिऊन आडवा झालेला कुणाचा तरी पाहुणा भेटला,
तो मला आत्याबाई म्हणाला आणि रडला.
डबी ज्याच्यासाठी आहे
तो काही भेटला नाही.

वाटपाची तारीख कुणाला सांगायची नाही,
पण आदल्या रात्रीच म्हाताऱ्या
पारावर जागा धरून बसतात.
दर खेपेला रस्ता बदलायचा,
पण रस्ते दोनच,
आणि त्यातला एक पावसाळ्यात नाल्याखाली असतो.
पैसे मागितले तर मुकाट देऊन टाका,
असं तालुक्याला ट्रेनिंगमध्ये साहेब म्हणाले.
पैशाशिवाय काही मागितलं तर
काय करायचं, ते म्हणाले नाहीत.
मागच्या बाकावर आम्ही सातजणी होतो.
सातही जणींनी पेनाचं टोपण लावलं.

एकदाच वापरली.
अघनातली संध्याकाळ, कालव्याचा पूल,
बावण्यांच्या तुरीच्या धुऱ्यावर
तो हात पसरून उभा.
टोपी. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.
काल तिथं कुणी नव्हतं.
मी ओरडले, आवाज आला नाही.
अंगठा मात्र शिकल्यासारखा चालला,
झाकण उडालं, मूठ उडाली,
आणि वारा समोरून होता.

मग मी पुलावर बसून
सगळं पाणी डोळ्यांतून जाऊ दिलं.
पिण्याची बाटली तोंडावर ओतली.
दिसायला लागलं तेव्हा
तो तसाच उभा होता,
मडक्याचं डोकं, तणसाचं पोट,
डुकरांसाठी दुपारीच रोवलेला.
कितीतरी वेळ हसले एकटी.
पाय मात्र घरी पोचेपर्यंत हलत होते.

ट्रेनिंगच्या हॉलमध्ये वारा नव्हता, पंखा होता.
तेव्हापासून फाट्यावर थांबते,
वीटभट्टीचा धूर कुणीकडे वाकला ते पाहते,
मग निघते.
लोकांना वाटतं बाई पावसाचा अंदाज घेते.

वर्ष झालं की डबीतली मिरची
वांग्याच्या भाजीत रिकामी करते.
टाकून कशी देणार,
किलोचा भाव काय आहे!
देवमन घास चावत म्हणतो,
"यात काही दम नाही राहिला वं."
मी दुसरीकडे पाहते.
बारा महिने खिशात होती,
माझ्या मांडीच्या उबेला.
दम कुठंतरी गेलाच असेल.

यंदाची मिरची घेऊन
डंक्यावर गेले.
बेबीबाईच्या भुवयांवर, पापण्यांवर लाल धूळ,
ती शिंकतसुद्धा नाही आता.
"जाड करू का बारीक?"
भाजीची जाड, म्हटलं.
आणि पावभर वेगळी.
बारीक.
अशी की उडाली पाहिजे.

वाटलं, विचारेल कायले.
तिनं विचारलं नाही.
चाळणी बदलली,
फळीवरून एक डबी काढून पुढं ठेवली,
तसलीच गोळ्यांची, झाकण अर्धंच फिरवलेलं,
आणि म्हणाली,
"इतकी बारीक पुरे?
अंगणवाडीच्या बाईनं बी
अशीच नेली सोमवारी."